नानांच्या दुकानातली माती

नाशिक, ८ नोव्हेंबर १९३२

ती. सौ. अक्कास,

हे पत्र तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवू नकोस. जवळ कोणी नसताना वाच.

मालिनी देवळालीला हवापालटासाठी गेली आहे असे मी भाद्रपदापासून तुला लिहीत आलो. नानांच्या तेराव्याला तू विचारलेस तेव्हाही तेच सांगितले. ते खरे नव्हते. ती तिथल्या क्षयाच्या दवाखान्यात आहे. डाव्या फुप्फुसाला लागले आहे. डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालून आत हवा भरतात. त्याने ते फुप्फुस मिटून पडते आणि त्याला विश्रांती मिळते. ताप उतरतो आहे. पण हे एप्रिलपर्यंत चालवायला हवे, मध्येच सोडले तर केलेले सगळे वाया, असे ते म्हणतात. खोली, दूध, अंडी, औषध मिळून महिन्याला पंचेचाळीस रुपये लागतात. मला मालधक्क्यावर बत्तीस मिळतात. आतापर्यंत नाना भर घालत होते. कुठून घालत होते ते मी विचारले नाही.

आता दुकानाचे. पाच डिसेंबरला किल्ली द्यायची आहे. दुकानाची जागा घरमालकाकडून समोरच्या रंगनाथशेठनी घेतली. त्यांचा पुतण्या तिथे बसणार. ते परवा आले, आत फिरले, ऐरण पायाने हलवून पाहिली. म्हणाले, "दिवाकर, तू मालधक्क्यावरचा माणूस. गोणी मोजणं तुझं काम. ही धोंड कुठे घेऊन हिंडणार? सगळं आहे तसं सोड, साठ रुपये देतो. झाडूसुद्धा मारू नकोस." मी आठ दिवसांची मुदत मागितली.

या वस्तूंची किंमत मला कळत नाही. सोनारकामात माझा हात बसत नव्हता म्हणूनच नानांनी मला शाळेत घातले. ऐरण, हातोड्या, फुंकणी, तार ओढायची पोलादी पट्टी, चंदनी डबीतला काटा. देवांच्या टाकांचे ठसे आहेत, खंडोबा, सप्तशृंगी, वीर, असे पुष्कळ. रंगनाथशेठ ते पितळेच्या भावाने धरतात. हे बरोबर आहे का?

आणखी एक. खलील नावाचा झारेकरी भेटला. तो म्हणाला, सोनाराच्या कानशीचा कीस उडतो, मुशीतला कण राखेत जातो, आणि वर्षानुवर्षे ते जमिनीत मुरते. माती खणून धुतली की सोने हाती लागते. जागा घरमालकाची असली तरी माती सोनाराची, नवी माती भरून दिली की झाले, असा सराफ बाजाराचा रिवाज आहे म्हणे. माती पाहायला येऊ का, असे त्याने विचारले आहे.

तुला नानांच्या कामातले माझ्यापेक्षा जास्त कळते. लवकर लिही.

तुझा
दिवाकर

नामपूर, १२ नोव्हेंबर

चि. दिवाकर,

तुझं पत्र चुलीपाशी वाचलं आणि चुलीतच घातलं, तेव्हा ती काळजी सोड. दोन महिने माझ्याशी खोटं बोललास. तेराव्याला माझ्या पानासमोर बसून "हवेनं बरं वाटतंय तिला" म्हणालास आणि श्रीखंड वाढून घेतलंस! लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. आता होत नाहीत, एवढीच काय ती तुझी प्रगती.

मालिनीला अंडी जातात का? डोळे मिटून गीळ म्हणावं बायकोला. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.

इथून पैशांची आशा धरू नकोस, हे लिहिताना मला किती जड जातंय ते कसं सांगू. ह्यांच्या आडतीवर यंदा कांदा पडून सडला. शेतकरी गाडी तशीच सोडून जातो, कारण परत नेण्याचं भाडं कांद्यापेक्षा जास्त. घरात माझं स्वतःचं म्हणून काही असेल तर नानांनी घडवलेल्या पाटल्या. त्याही सासूबाईंच्या पेटीत असतात, सणाला हातात येतात.

ठसे पितळेच्या भावानं देऊ नकोस. खंडोबाचा तो ठसा नानांनी स्वतः कोरलाय, सबंध पावसाळा लागला त्याला. घोड्याचा पाय जमत नव्हता म्हणून जेवायला उठत नव्हते. असला ठसा हातात असला की सोनाराचं घर चालतं. रंगनाथकाकांना ते चांगलं माहीत आहे.

आणि "झाडूसुद्धा मारू नकोस" म्हणाले? केर हवा असेल त्यांना. घेऊ देत! नानांच्या जमिनीत काय मिळणार आहे? तुला म्हण आठवते ना, जड केर, हलका सोनार. कानस मुद्दाम जोरात चालवायची, कीस खाली सांडू द्यायचा, गिऱ्हाइकाला "घट आली" म्हणून सांगायचं, आणि दिवाळीला तोच केर झारेकऱ्याला विकायचा. अर्धा बाजार दिवाळीचे कपडे त्यातच घेतो. नाना मांडीवर कातडं पसरून बसायचे आणि त्यातला कीस चिमटीनं उचलून गिऱ्हाइकासमोर तोलायचे. इथे नामपुरात सासूबाई माझ्यावर कितीही करवादल्या तरी एक गोष्ट बाजारच्या दिवशी चारचौघींत सांगतात, "हिना बापनं सोनं म्हणजे सोनंच शे." त्या एका वाक्यावर मी या घरात उभी आहे.

तेव्हा झारेकऱ्याला बोलव हवं तर. त्याला चहा पाज आणि रिकाम्या हातानं परत जाऊ दे. पण रंगनाथकाकांकडून साठाचे शंभर कर. बोलता येत नसेल तर नुसता गप्प बस, ते तुला छान जमतं.

तुझी
अक्का

नाशिक, १७ नोव्हेंबर

ती. अक्कास,

तुझे पत्र पोचले. मालिनीला पुन्हा एकदा हवा भरली. अंडी ती नाक दाबून घेते.

खलील येऊन गेला. दोन ठिकाणची माती नेऊन नदीवर धुतली. तुला कळवण्यासारखे काही नाही. मातीचा विषय सोडून द्यावा असे मला वाटते.

रंगनाथशेठ सत्तरवर आले आहेत. सत्तरात डिसेंबर आणि निम्मा जानेवारी निघेल. पुढचे पुढे पाहू. ठसे त्यांना न देता ठेवतो.

थंडी पडू लागली आहे. मुलांना जप.

दिवाकर

नामपूर, २० नोव्हेंबर

चि. दिवाकर,

बघ, मी म्हटलं नव्हतं? नानांच्या जमिनीतून गुंजभरही निघायचं नाही. सासूबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं, मालिनीचं न सांगता, नुसतं मातीचं. त्या जातं थांबवून म्हणाल्या, "मंग? मी काय सांगत होतू?" जसं काही नानांना त्यांनीच वाढवलं!

पण आनंद एक रात्रही टिकला नाही. सत्तर रुपयांत मालिनी एप्रिलपर्यंत कशी जायची? मी पाडव्याची आणि भाऊबिजेची साठवलेली ओवाळणी मनिऑर्डरनं पाठवतेय, वीस आहेत. नाही म्हणू नकोस. ह्यांना माहीत नाही.

आणि एक विचारते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात थंडी आहे, मुलं आहेत, रंगनाथकाका आहेत. नानांचं नाव एकदाही नाही. आधीच्या पत्रात दर चार ओळींनी होतं. काय झालंय?

अक्का

नाशिक, २४ नोव्हेंबर

ती. अक्कास,

मनिऑर्डर मिळाली. ती परत करायला हवी, पण मी ती देवळालीला भरून आलो.

तू विचारलेस म्हणून लिहितो. नाही तर लिहिणार नव्हतो.

खलील आला तेव्हा मी त्याच्याबरोबर नदीवर गेलो होतो. घाटाच्या खालच्या अंगाला त्याची धुण्याची जागा आहे. शेगडीजवळची एक टोपली माती त्याने लाकडी परातीत घेतली, हलवत हलवत गाळ सोडून दिला. तळाशी काळी रेती राहिली. तिच्यात पारा घालून चोळली, पारा फडक्यातून पिळला, उरलेली गोळी जाळली. ज्वारीच्या दाण्याएवढे सोने राहिले. खलीलने तो दाणा बोटावर घेऊन पाहिला. परत दुकानात आला, दाराजवळची, गिऱ्हाइके बसतात तिथली टोपलीभर माती घेऊन गेला. तिच्यातही तेवढेच निघाले.

मग तो म्हणाला, "दिवाकरभाऊ, मी बाजारातल्या सगळ्या दुकानांची माती धुतो. दर दिवाळीला केर विकणाऱ्या दुकानात असा दाणा लागत नाही. तुमच्या वडिलांनी मला कधी केर दिला नाही. माझ्या बापालाही दिला नाही. आम्ही समजायचो, ढुंढिराजशेठ दुसऱ्या कुणाला देत असतील."

मी विचारले, याचा अर्थ काय?

तो म्हणाला, "एवढं सोनं सांडत नाही, भाऊ. सांडावं लागतं." मग त्याने कानाला हात लावला आणि गेलेल्या माणसाबद्दल बोललो, माफ करा, असे म्हणाला.

त्यानंतर त्याने सगळ्या जमिनीचे उक्ते तीनशे देऊ केले. मला बोलताच येईना. त्याला वाटले मी अडून बसलो आहे. त्याने साडेतीनशे केले.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. केर विकला असता तर बाजाराला त्याचे वजन कळले असते. म्हणून विकला नाही, जमिनीतच राहू दिला. लागेल तेव्हा थोडा थोडा काढत असतील. गेले दोन महिने माझ्या पगारावरचे पैसे कुठून येत होते, ते आता समजते.

काल संध्याकाळी मी दुकान उघडून नानांच्या जागेवर बसलो. समोरून रंगनाथशेठ हाक मारून म्हणाले, "काय, केर जड निघाला म्हणतात!" त्यांना कोणी सांगितले कोण जाणे. मी दार लावून घेतले.

अक्का, हे लोकांचे चोरलेले सोने आहे. तरीही मी ते घेणार आहे. मालिनीला मी अर्धवट उपचारांवर घरी आणून मरू देणार नाही. नानांबद्दल काय वाटून घ्यायचे ते नंतर पाहीन. तुझे ते नामपुरातले एक वाक्य माझ्या हातून मोडते आहे, त्याची क्षमा असावी.

दिवाकर

नामपूर, २७ नोव्हेंबर

दिवाकर,

तू समोर असतास तर थोबाडीत मारली असती. नंतर जवळ घेतलं असतं, पण आधी मारली असती.

नानांना शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या बोटात वेढं नव्हतं. तू पाहिलंस का? मी पाहिलं. बोटावर पांढरा पट्टा राहिला होता. लग्नातलं वेढं, आई गेल्यावरही कधी उतरलं नव्हतं. मला वाटलं, आजारपणात सैल झालं म्हणून काढून ठेवलं असेल. मालिनीच्या खोलीचे पैसे कुठून आले ते मलाही आता समजलं. तुझ्यापेक्षा जरा बरं समजलं.

आता जमिनीचं ऐक. ती जमीन मी सारवत होते. आठ वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत, दर अमावास्येला. गवळ्याकडून शेण मी आणायची. नाना दुकानातला केर स्वतः लोटायचे, शेगडीतली राख चाळायचे, फुटक्या मुशी खलबत्त्यात कुटायचे, आणि ते सगळं सुपात भरून माझ्यापुढे ठेवायचे. "कालव शेणात." मला वाटायचं, राखेनं जमीन टणक होते. एकदा मी विचारलं, नाना, हा केर बाहेर का नाही टाकत? ते म्हणाले, "लोकांचं आहे ते. कुणाचं किती ते मला सांगता येत नाही, म्हणून परत देता येत नाही. विकलं तर माझं होईल. ठेवलं तर त्यांचं राहील. ते येतात, बसतात. त्यांच्याच अंगाखाली असू दे." मला वाटलं, लोकांच्या पायाची धूळ म्हणतात. एवढ्या वर्षांत मला ते पुन्हा आठवलंही नव्हतं. तुझ्या पत्रात "केर दिला नाही" हे वाचलं आणि हातातलं भांडं पडलं.

त्यांनी चोरलं नाही, दिवाकर. दुसरा प्रत्येक सोनार हक्कानं विकतो तेही त्यांनी विकलं नाही. पस्तीस वर्षांची घट आहे ती, कुणाच्या बांगडीची, कुणाच्या मण्याची, माझ्या हातानं थापलेली.

आता तूच सांग, ती विकायची कशी? त्यांनी जे जन्मभर आपलं म्हटलं नाही ते आपण त्यांच्या तेराव्यानंतर महिन्याभरात बाजारात न्यायचं? खलीलला नाही म्हणून सांग. ठसे विक, काटा विक, माझ्या पाटल्यांसाठी मी सासूबाईंच्या पाया पडते. पण खणू नकोस.

अक्का

नाशिक, २९ नोव्हेंबर

ती. अक्कास,

तुझे पत्र वाचले. तू गेल्यावर नाना स्वतः सारवत असत. मला ती काटकसर वाटे. मी त्यांच्याबद्दल जो विचार केला तो आता कुठे ठेवू ते कळत नाही.

तू म्हणतेस तेच योग्य आहे. खलीलला आज नाही म्हणून सांगितले. त्याने चारशे म्हटले. पुन्हा नाही म्हटले. काट्याला आणि ठशांना गिऱ्हाईक शोधले. लोक हाताळून पाहतात आणि यंदा टाक कोण करून घेतो, असे म्हणून खाली ठेवतात. सध्या सगळे सोने मोडायला येतात, घडवायला कोणी येत नाही. तू सासूबाईंच्या पाया पडू नकोस.

येत्या रविवारी मालिनीला घरी आणतो. डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, तुमची मर्जी, मी लिहून ठेवतो की माझ्या सल्ल्याविरुद्ध नेली. मालिनीला वाटते आहे की ती बरी झाली म्हणून नेतो. तिने विचारले, आपल्या खोलीत या दिवसांत तरी सकाळी ऊन येते का. मी येते म्हटले. ते येत नाही, तुला माहीतच आहे.

आईच्या वेळी नानांवर हीच पाळी आली होती, हे आज सारखे मनात येते. मी फार लहान होतो. पोटातली गाठ मुंबईला नेऊन कापून घ्या असे डॉक्टर म्हणाले, आणि "एवढे पैसे मी कुठून आणू" म्हणून नाना दुकानात जाऊन बसले, एवढे अंधुक आठवते. त्यांनी ते सोसले. मलाही सोसता येईल.

दिवाकर

नामपूर, १ डिसेंबर

दिवाकर,

टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र मोटारवाल्या मंगळूच्या हाती देतेय. त्याला सांगितलंय, दुकानात नसला तर मालधक्क्यावर जा, पण आज हातात पडलं पाहिजे.

मालिनीला आणू नकोस.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि माझं डोकं फिरलं. तू सहा वर्षांचा होतास. मी अकरा वर्षांची. आई आतल्या खोलीत कण्हत होती आणि डॉक्टर बाहेर सांगत होते, अजून वेळ गेलेली नाही, न्या. नाना "कुठून आणू" म्हणाले आणि दुकानात गेले. मीही मागोमाग गेले. ते त्यांच्या जागेवर बसले होते, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून. मला वाटलं, रडतायत म्हणून टेकले आहेत.

ते त्यावरच बसले होते, दिवाकर.

खरं तर "कुठून आणू" हे खोटं नव्हतं. त्यांच्या लेखी ते त्यांचं नव्हतंच. सतरा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून आई गेली. अमावास्या आली, आईला जाऊन चारच दिवस झाले होते, आणि त्यांनी सूप आणून माझ्यापुढे ठेवलं. "कालव." आणि मी कालवलं. आईच्या सुतकात मी तिचा जीव जमिनीत थापत होते आणि मला कुणी सांगितलं नाही.

मी त्यांना वाईट म्हणत नाही. म्हणवत नाही. पण लोकांनी ते सोनं कधी मागितलं होतं? एका तरी बाईनं येऊन म्हटलं होतं का, माझी गुंजभर घट तुमच्या जमिनीत आहे, ती द्या? ज्यांना ठाऊकही नाही त्यांच्यासाठी राखलं, आणि जी हाक मारत होती तिच्यासाठी नाही. हे असलं चोख सोनं मला नको. एकदा पाहिलं, पुरे झालं.

आता मोठ्या बहिणीचा निवाडा ऐक. सहा वर्षं मी ती जमीन सारवली. शेण आणलं, कालवलं, हातांना भेगा पडल्या. मला मजुरी कुणी दिली नाही. रोजानं माणूस लावला असता तर द्यावी लागली असती की नाही? ती माझी मजुरी त्या जमिनीतच आहे. ती मी मागते, आणि मालिनीला देते. लोकांचं त्याहून जास्त निघालं तर ते पाप माझ्या नावावर लिही. वर गेल्यावर नानांशी मी बघून घेईन. त्यांना माझ्याशी बोलायचं असेलच.

उक्तं देऊ नकोस, खलील चारशे देतो म्हणजे त्याला जास्त दिसतंय. निम्म्यानं दे. धुताना स्वतः समोर उभा राहा. बाजार बोलेल, बोलू दे. नानांची बाजू सांगायला जाऊ नकोस, कुणाला पटणार नाही. आपल्याला माहीत आहे, तेवढं बस.

खण. जिथवर माझा हात लागलाय तिथवर खण.

अक्का

नाशिक, २२ जानेवारी १९३३

ती. अक्कास,

तुझे संक्रांतीचे पत्र आणि तिळगूळ मिळाला. सासूबाईंनी तुझ्या पाटल्या सटाण्याच्या सोनाराकडून कसाला लावून आणल्या, हे वाचून वाईट वाटले. त्या चोख उतरल्या यात नवल नाही. तरी त्या आता बाजारात नानांचे नाव काढत नाहीत, असे तू लिहितेस. इथेही कोणी काढत नाही. काढले तर मी असलो की थांबतात.

मी एवढे दिवस सविस्तर लिहिले नाही. आज रविवार आहे, लिहितो.

मंगळूने पत्र दिले त्याच दिवशी मी खलीलकडे गेलो. निम्म्यावर तो लगेच तयार झाला, यावरून तुझा अंदाज बरोबर होता. किल्ली द्यायच्या आत काम उरकायचे होते, म्हणून त्याची बायको सितारा आणि भाऊही आले. दुकानाचे दार उघडे ठेवावेच लागले, माती बाहेर काढायची होती. समोर माणसे जमली. रंगनाथशेठ ओट्यावरून मोठ्याने म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, झाडू मारू नकोस म्हणून. अब्रू झाकली राहिली असती." लोक हसले. मी पुढची टोपली उचलली. हत्यारांचे त्यांनी शेवटी चाळीस दिले.

दुसऱ्या दिवशी मखमलाबादकडची एक म्हातारी आली, नवसाबाई म्हणून. तिची नाकातली मुरणी नानांनी घडवली होती. खड्ड्याकडे पाहून तिने विचारले, "माझ्या मुरणीतलं बी हाय का यात?"

मी म्हटले, "असेल थोडे."

"मंजी बाप चोर व्हता व्हय तुझा?"

"नाही."

"मग हे काय हाय?"

मी तिला आत यायला वाट करून दिली. मग वाकून तिने चिमूटभर माती उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. "माझं मी घेतलं. बाकीच्यांचं तू बघ," म्हणाली आणि गेली.

आपल्या वाट्याला चारशे साठ आले. मालिनीची एप्रिलपर्यंतची खोली भरून टाकली, पावती माझ्याकडे आहे. उरलेले औषधासाठी ठेवले आहेत. दर पंधरवड्याला हवा भरतात. वजन दोन पौंड वाढले, पण संध्याकाळचा ताप अजून येतो. डॉक्टर एप्रिलच्या आत काही सांगायला तयार नाहीत. मी विचारणे सोडून दिले आहे. तिला मी सांगितले की नानांची हत्यारे विकली. ती म्हणाली, "एवढे आले? चांगली असतील मग." मी म्हटले, हो, चांगली होती.

नानांचा कसोटीचा दगड मंगळूबरोबर पाठवला आहे. तो मी विकायला काढलाच नाही. ठसेही आहेत.

आता जे लिहायचे टाळत होतो ते. खणताना जमीन पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत होती, प्रत्येक अमावास्येचा एक थर. वरचे थर नानांचे. त्यांत पंजा रुंद आणि सरळ ओढलेला. त्याच्या खाली थर बदलले. बोटांच्या लहान लहान कमानी, एकीत एक अडकवलेल्या, कुठे घाईने, कुठे नीट. खलीलने एक खपली हातावर घेतली आणि थांबला. म्हणाला, "हे कुणा पोरीचं काम आहे."

मी म्हटले, "माझ्या बहिणीचे."

"ठेवू का बाजूला? एवढ्यानं माझं काही जात नाही."

मी ती खपली हातात घेतली. तुझ्या चार बोटांवर माझी अडीच बोटे पुरली. थरांतले आईच्या वेळचे कोणते हे ओळखता येत नव्हते. ते तेच असावे असे उगाच वाटले. कडा मोडत होत्या, आणि मोडून खाली पडलेले सितारा झाडून घेत होती.

मी खपली त्याला परत दिली. म्हटले, "टोपलीत टाक. ती तिने भावजयीला दिली आहे."

तुझा
दिवाकर